रिकाम्या हाताचा आवाज

गाळ्याचं शटर अर्धंच वर होतं, म्हणून वाकून आत जावं लागलं, आणि वाकल्या वाकल्याच तो वास आला. डांबरगोळ्या, जुना गालिचा, ओली वाळू आणि बंद खोलीत मुरलेला माणसांचा घाम. अंधेरीतल्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आता सगळीकडे काचा आल्यात, लिफ्ट बोलते, खाली कॉफीचं दुकान आहे. पण वास कोणी काढला नव्हता. मी तशीच वाकलेली थांबले तेव्हा माझी लेक सई मागून म्हणाली, "आई, पाठ धरली का?"

बाबा या खोलीत पस्तीस वर्षं इफेक्ट द्यायचे. लोकांना वाटतं, पडद्यावर माणूस चालला की त्याच्या पावलांचा आवाज आपोआप येतो. कसला येतोय! हिरो चिखलातून चालतो तेव्हा अंधेरीत बंद खोलीत कोणीतरी ओल्या वाळूवर पाय आपटत असतो. समोर चित्र चालू, कानाशी माईक, पंखा बंद, आणि अंगात सुती बनियन, कारण टेरिकॉटचा शर्ट फार सळसळतो. बाबांचे पाय बारीक होते, म्हणून हिरॉइनची चाल त्यांच्याकडे असायची. माझ्या वडिलांनी टाचांच्या सँडल घालून किती बायकांना प्रेमात पाडलंय, हे मी लहानपणी कोणाला सांगू शकले नाही. आता सांगते.

मालकांच्या मुलाचा फोन आला होता. खोली रिकामी करतोय, डान्स क्लास होणार आहे, अंकलची ट्रंक पडून आहे, न्यायची तर न्या. हिरवी पत्र्याची ट्रंक कोपऱ्यातच होती, तिच्यावर बाबांचं नाव पांढऱ्या रंगात, अर्धं उडालेलं. कुलूप नव्हतंच. सईनं झाकण उघडलं आणि "ओ तेरी!" म्हणून खालीच बसली.

आत प्रत्येक वस्तूला चिकटपट्टी, आणि पट्टीवर बाबांचं गोल अक्षर. कंदिलासाठी तासलेल्या बांबूच्या कामटीवर 'काठी'. काचेच्या ग्लासवर 'अंगठी'. दुमडलेल्या पत्र्यावर 'शाप, मोठा'. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर 'शाप, लहान'. काळ्या छत्रीवर 'उडणे'. एका लोखंडी बत्त्यावर नुसतंच 'पाताळ'. तो बत्ता मी लगेच ओळखला. तो आमचा होता.

सगळ्यात खाली बिस्किटांचा गोल डबा. त्यावर लिहिलं होतं, 'रिकामा हात'.

खोटं कशाला बोलू, मी ट्रंकेसाठी आलेच नव्हते, आत अशी एखादी पट्टी सापडेल म्हणून आले होते. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती, की तो आवाज बाबांनी कशाचा काढला. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबांचे कान जवळजवळ गेलेत, मशीन लावलं की शिटी वाजते म्हणून ते ड्रॉवरमध्ये टाकून देतात. आणि गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यातनं एकेक गोष्ट निसटायला लागलीय. आधी नळाच्या वेळा गेल्या, मग नातेवाइकांची नावं. तो आवाजही जाणार, आज ना उद्या, आणि एकदा गेला की जगात दुसरं कोणी सांगणारं नाही.

मी डबा उघडला. आत काही नव्हतं. धूळसुद्धा नव्हती.

"रिकामा हात, रिकामा डबा," सई म्हणाली. "आजोबा कूल आहेत यार."

मी सात-आठ वर्षांची होते तेव्हा टीव्हीवर दर रविवारी सकाळी एक जादूची मालिका लागायची. दहिसरच्या आमच्या चाळीत त्या वेळेला नळाला पाणी आलं तरी बायका म्हणायच्या, राहू दे दोन मिनिटं. राजाचा छोटा मुलगा, त्याच्या जिवावर उठलेले लोक, आणि जो तो जादू करणारा. पण जादू करायची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी. राजगुरूकडे काठी. धूम्रा म्हणून एक चेटकीण होती, तिच्या अंगठीत सगळं. अंगठी फिरवली की समोरचा दगड. एक बुटका मंत्र म्हणायचा, आणि मंत्रात एक अक्षर चुकलं की जादू त्याच्यावरच उलटायची, त्यामुळे अर्धा वेळ तो बेडूक असायचा. आणि एक होती बनमाई. जंगलात राहणारी म्हातारी. तिच्याकडे काहीच नव्हतं. ना काठी, ना अंगठी, ना मंत्र. ती राजपुत्रासमोर यायची, दोन्ही तळवे पुढे धरायची आणि सावकाश मुठी वळायची. तेवढंच. मग त्या पोराभोवती काचेसारखं काहीतरी उभं राहायचं आणि बाण त्याला आपटून खाली पडायचे.

मालिका संपली की गॅलरीत आमची सभा भरायची. वरच्या खोलीतली सुलू माझी जिवाभावाची मैत्रीण आणि पक्की काठीवाली. तिचं म्हणणं, हत्यार नसलं तर जादूगार कसला? मी बनमाईवाली. मी म्हणायचे, काठी काढून घेतली तर तुझा राजगुरू म्हणजे नुसता दाढीवाला म्हातारा, बसवा रेशनच्या लाइनीत! त्यावर ती चिडायची. मग प्रश्नांना ऊत यायचा. अंगठी दुसऱ्यानं घातली तर चालेल का? मंत्र मनातल्या मनात म्हटला तर लागू होतो का? सर्दी झालेली असताना म्हटला तर? काठी कुठल्याही झाडाची चालते, की ठराविकच? सुलूनं एकदा दहिसर नदीच्या काठावरनं भेंडीच्या झाडाची फांदी आणली आणि आठ दिवस त्या फांदीनं आमच्या चाळीतल्या मांजरीला दगड करायचा प्रयत्न केला. मांजर शेवटपर्यंत मांजरच राहिली. सुलू म्हणाली, फांदी ओली होती.

माझ्या पोटात मात्र गुपित होतं. मला माहीत होतं की राजगुरूची काठी म्हणजे बांबूची कामटी, हवेत सप्पकन मारलेली. धूम्राची अंगठी म्हणजे काचेच्या ग्लासच्या काठावर फिरवलेलं ओलं बोट. बुटक्याचा बेडूक होताना येणारा फच्च आवाज म्हणजे आईनं भिजवलेली कणीक परातीवर आपटलेली. बाबा रात्रपाळी करून आले की सकाळी दात घासता घासता मला सांगायचे. एकच अट, चाळीत बोलायचं नाही. "पोरांची जादू जाईल," ते म्हणायचे. मी नाही बोलले. माझी जादू मात्र गेली नाही. उलट राजगुरूनं काठी उगारली की मला पडद्यावर तो दिसायचाच, वर बनियनमधले बाबापण दिसायचे, आणि दोघंही मला तेवढेच थोर वाटायचे.

बाबांबरोबर बाजारात जाणं म्हणजे शरमेनं मान खाली. भांड्यांच्या दुकानात ते कुठलीही वाटी विकत घेण्याआधी कानाशी धरून टिचकी मारायचे. चपलांच्या दुकानात बायकांच्या चपला एकमेकींवर आपटून बघायचे. एकदा मासळीबाजारात सुक्या बोंबलांच्या ढिगातला एकेक बोंबील कानाशी नेऊन काडकन मोडत बसले. चार मोडून झाल्यावर कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ए दादा, खायाला घेतोस का गाना ऐकतोस?" बाबा तिला अगदी गंभीरपणे म्हणाले, "हाड मोडायचंय." ती दोन पावलं मागे सरली. ते बोंबील शेवटी घ्यावेच लागले, आणि आठवडाभर आमच्या घरी बोंबलाची चटणी.

आणि आईच्या स्वयंपाकघराचं तर विचारू नका. तिची भांडी घरातून नाहीशी व्हायची आणि रविवारी टीव्हीवर ऐकू यायची. आई मालवणकडची, तिला मुंबईत येऊन पंचवीस वर्षं झाली तरी भाषा सोडली नाही. "माझो बत्तो खंय गेलो?" ती एका सकाळी ओरडली. बाबा पेपरात तोंड घालून बसले. तेवढ्यात मालिकेत पाताळाचं दार उघडलं, खर्रर्र, धम्म! आईनं स्क्रीनकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. "त्या जादूगाराक सांगा," ती म्हणाली, "आता येवन चटणी वाटून दी."

तिची स्वतःची जादू वेगळीच होती, पण तिला कोणी जादू म्हणत नव्हतं. दृष्ट काढायची. माझी तर ऊठसूट. परीक्षेत नंबर आला, काढ दृष्ट. नवा फ्रॉक घातला, काढ दृष्ट. शेजारीण "किती गोड गं" म्हणाली, मग तर बघायलाच नको. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायची आणि स्टोव्हच्या जाळावर टाकायची. ठसका लागला तर म्हणायची बरं झालं, नाही लागला तर म्हणायची, बघ केवढी दृष्ट होती, ठसकापण नाय! म्हणजे कसंही पडलं तरी तिचंच बरोबर. शेवटी माझ्या चेहऱ्यावरनं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही तळवे फिरवायची आणि ती बोटं आपल्या कानशिलांवर दाबून कडाकडा मोडायची. दहाची दहा. बोटं वाजली म्हणजे दृष्ट होती, आणि नाही वाजली म्हणजे काही उरलं नाही, असा तिचा हिशोब. तिच्या तळव्यांना लसणाचा आणि निरमाच्या साबणाचा वास यायचा.

एकदा तर तिनं कहर केला. बाबा डबा विसरले म्हणून आई मला घेऊन इथे, या गाळ्यात आली. तिच्या आयुष्यातली ती एकच खेप. निळी साडी, डोक्यात अबोलीचा वळेसर. बाबा बाहेर आले, दोघं दारात कितीतरी वेळ कुजबुजत उभे राहिले. मग मला आत नेऊन खोलीच्या मधोमध एका स्टुलावर बसवलं. दिवे गेले, पंखा गेला, काचेपलीकडे एक काका बसले होते तेपण दिसेनासे झाले. आई समोर येऊन म्हणाली, "डोळे मीट गो बाय. हनुवटी वर." आणि तिथे, परक्या माणसांच्या देखत, तिनं माझी दृष्ट काढली! मिरच्या नाहीत, मीठ नाही, नुसती तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. पुन्हा फिरवले, पुन्हा मोडली. मला इतकी लाज वाटली की मी डोळे उघडलेच नाहीत. मनात म्हटलं, ही बाई कुठेच सुधारणार नाही. खाली आल्यावर मला उसाचा रस मिळाला, म्हणून मी तो अपमान गिळला. सुलूला सांगितलं तेव्हा फक्त रसाचं सांगितलं.

बनमाई मालिकेत आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. तिनं पहिल्यांदा मुठी वळल्या तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. आधी काहीच आवाज नाही. मग खूप खोलवरनं, चुलीत ओलं लाकूड तडकावं पण ते विहिरीच्या तळाशी तडकावं, तसा एक आवाज. मग दुसरा. मग एकापाठोपाठ एक, आणि शेवटी एक लांबलेला, घुमत घुमत विरणारा. गॅलरीत खिडकीला नाकं लावून बघणारी पोरंसुद्धा गप्प झाली. माझ्या मानेवर काटा आला. मी बाबांकडे वळले. "कशाचा?"

बाबा हसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "नाही सांगणार."

मी हट्ट केला, रडले, जेवले नाही. ते म्हणाले, "ओळख. ओळखलंस तर हो म्हणेन." वर आणखी म्हणाले, "काठीवाल्याचं काम सोपं गं, काठी वाजते, अंगठी वाजते. ह्या म्हातारीकडे वाजायला काय आहे? आठ दिवस झोप नव्हती मला."

मग काय, मी शोधतच सुटले. वाळक्या काटक्या मोडून बघितल्या. नाही. नारळाची करवंटी. नाही. भेंडी, मुळा, गवार, पोह्याचा पापड, कुरडई, गणपतीच्या मखराचं थर्माकोल. नाही, नाही, नाही. कॉलेजात असताना एकदा वाटलं, सापडलं! बर्फाच्या गोळ्यावर गरम पाणी ओतलं की तडकतो तसा आवाज आहे हा. धावत घरी आले. बाबांनी मान हलवली, पण खूश झाले. "जवळ आलीस," म्हणाले. "म्हणजे लांबच आहेस, पण कान चांगला आहे." मी बोरिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले त्यात या खेळाचा हात आहे, हे मी मुलाखतीत बोलले नव्हते. आठवीच्या वर्गात ध्वनीचा धडा आला की मी अजूनही पोरांना डोळे मिटायला लावते आणि टेबलाखाली वस्तू वाजवते. पोरं धडाधड ओळखतात. मला एक ओळखता आली नाही.

आईलासुद्धा विचारलं होतं. शेवटच्या आजारपणात, दुपारी तिच्या पायांना तेल लावताना सहज विचारलं, "आई, तुला ठाऊक आहे का गं, ती बनमाई मुठी वळायची तो आवाज?" आईनं छताकडे बघत सांगितलं, "माका काय म्हायत? मी खंय जातंय तेंच्या इष्टुडिओत!" आणि लगेच तेल संपलं का विचारलं. मला त्यात काही वाटलं नाही. तेल खरंच संपत आलं होतं.

ट्रंक आम्ही रिक्षात घातली. सईचे पाय तिच्यावर, माझे पाय माझ्या पोटात. हायवेला लागल्यावर सई सुरू झाली. ती बारा वर्षांची आहे आणि जगातल्या यच्चयावत जादूगारांची तिला खडानखडा माहिती. तिच्या गोष्टींत, तिच्या गेममध्ये, सगळ्यांचे नियम ठरलेले. कोण कांडीवाले, कोण पुस्तकातनं वाचून करणारे, कोण रक्तातच घेऊन आलेले. "पण वँडलेस, म्हणजे बिनकांडीची, सगळ्यात हाय लेव्हल असते, आई. त्याला काहीतरी द्यावं लागतं. म्हणजे एनर्जी. नाहीतर आयुष्याची वर्षं." मी म्हटलं, सुलूमावशीशी तुझं जमलं नसतं. तिनं फोन काढला. कोणीतरी त्या मालिकेचा एक भाग टाकला होता, चित्र सगळं पाण्यातनं बघितल्यासारखं. गोरेगावच्या सिग्नलला आम्ही दोघींनी इअरफोनचं एकेक बोंड कानात घालून बनमाईला मुठी वळताना बघितलं. बाहेर हॉर्नचा नुसता कल्ला, तरी माझ्या मानेवर तोच काटा. सई म्हणाली, "हे कशाचं आहे?" मी म्हटलं, तेच तर विचारायला चाललोय. मग तिनं विचारलं, "आणि आजोबा विसरले असतील तर?"

मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा लवकर घ्या.

बाबा खिडकीत बसले होते. चाळ पडून तिथे टॉवर आला, पण बाबांनी हट्टानं नदीच्या बाजूची खोली घेतलीय. ऐकू येत नाही तरी खिडकी उघडी हवी. म्हातारपणी त्यांचीही भाषा परत फिरलीय. जन्मभर आमच्याशी मुंबईचं मराठी बोलले, आता आईसारखं बोलतात. ट्रंक बघून ते एकदम उठले. फरशीवर मांडी घालून बसायला दोन मिनिटं लागली, पण बसले.

सईनं कामटी हवेत मारली. बाबांना आवाज गेला नसावा, पण हात बघून म्हणाले, "राजगुरू." ग्लासच्या काठावर तिनं बोट फिरवलं. "बोट ओला कर, तसा नाय वाजूचा." पत्रा हातात घेऊन त्यांनी गालाला लावला आणि मला हलवायला सांगितलं. थरथर गालात गेली तसे डोळे बारीक झाले. "मोठो शाप," म्हणाले. बत्ता हातात आल्यावर मात्र तोंड लपवून हसायला लागले. दहा मिनिटांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, तू कोणाची? आता एकही वस्तू चुकत नव्हती. सई आनंदानं किंचाळत होती आणि मला धीर येत होता.

मग मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. जवळ जाऊन, ओरडून विचारलं, "बाबा, हा कशाचा?"

त्यांनी पट्टी वाचली. बोटानं अक्षरं गिरवली. झाकण उघडून आत बघितलं, डबा उपडा करून बघितला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. "त्यात काय नाय," ते म्हणाले. गेलं, मला वाटलं. एका दिवसानं, एका महिन्यानं, कोण जाणे कितीनं, पण उशीर झाला. सईनं हळूच माझ्या दंडाला धरलं.

बाबांनी डबा बाजूला सारला. "बस," म्हणाले. "हय. समोर."

मी बसले. त्यांनी दोन्ही हात उचलले. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तळवे फिरवले, खरखरीत, वाळूनं पस्तीस वर्षं घासलेले. मग ती बोटं आपल्या कानशिलांवर नेली आणि दाबली.

अरे देवा.

मी तीस वर्षं वस्तू शोधत होते! बाजार पालथे घातले, भाज्या मोडल्या, बर्फ तडकवला. त्या पट्टीवर सरळ सरळ लिहिलेलं होतं. आणि तो आवाज मी जगातल्या कुठल्याही आवाजापेक्षा जास्त वेळा ऐकला होता, नाकासमोर, लसणाच्या वासासकट. टेप हळू फिरवली आणि घुमवली, एवढीच त्या काचेपलीकडच्या काकांची करामत.

"आईची बोटं?" मी विचारलं. ओरडायला आवाजच नव्हता, पण त्यांनी ओठ वाचले.

"माझी नीट वाजत नव्हती," बाबा म्हणाले. "तिची बरी वाजत. नेलंय तिका. तर ऐकाक तयार नाय. वाऱ्यावर बोटां मोडूचंय नाय, म्हणाली. कोण समोर नसताना मोडूक, मी काय कोणाक शाप देतंय? माझा चेडू बसवा समोर. त्येचीच काढीन, खरी काढीन." ते थांबले, दम घेतला. "आनी कोणाक सांगूचा नाय म्हणाली. सांगला तर परत लागता."

तेवढी एक शपथ त्यांनी सगळा जन्म पाळली. आज ती विसरले की मोडली, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दर रविवारी, अख्ख्या देशाच्या टीव्हीवर, राजाच्या पोराभोवती काच उभी राहत होती, आणि आई आत बसून कांदा चिरत होती. दृष्ट माझी निघत होती.

बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते. इफेक्ट दिल्यावर काचेकडे बघायचे, तसे. त्यांचे हात अजून कानशिलांवरच होते.

"वाजली?" त्यांनी विचारलं.

एकही बोट वाजलं नव्हतं. सांध्यांत काही उरलेलंच नाही. खोटं बोलावंसं वाटलं, पण या माणसाशी आवाजाबद्दल खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी मान हलवली. नाही.

बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी हात खाली घेतले.

"मगे बरोबर," ते म्हणाले. "तुझ्या आवशीन सगळी काढल्यान."

सई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं फोन जमिनीवर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि तो भाग पुन्हा लावला. बनमाईनं तळवे पुढे धरले. मी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.